विश्लेषण : ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही… देश घडवण्याची जबाबदारी नेमकी कुणाची?

दरवर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यातील मुक्तिभूमीवर अभिवादनासाठी लोक येतात. १९३५ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे धर्मांतराची घोषणा केली. ती एका दिवसात झालेली नव्हती. तिच्यामागे ठराव, परिपत्रके, सत्याग्रह आणि कोर्टातील दावे यांची बारा वर्षे होती. या काळात पुढाऱ्यांनी काय केले, संस्थांनी काय केले आणि सामान्य नागरिक कसे वागले, याचा हिशेब आजही उपयोगी पडतो. कारण देशाच्या नवनिर्माणाची भाषा सगळेच करतात. त्यातले कोणते काम कुणाचे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

येवल्यात १९३५ मध्ये नेमके काय ठरले?

येवल्यातील परिषद मुंबई इलाख्यातील दलित वर्गाची होती. सुमारे दहा हजार लोक जमले होते. आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी येथे जाहीर केले. ही घोषणा सर्वांच्या लक्षात आहे. त्याच परिषदेत झालेला दुसरा निर्णय मात्र कमी आठवला जातो. नाशिकच्या काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह थांबवायचा आणि मंदिर प्रवेशासाठी यापुढे शक्ती खर्च करायची नाही, असे तेथे ठरले.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते. ९ एप्रिल १९३० रोजी रथ ओढण्याबाबत झालेली तडजोड मोडली गेली आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्यानंतरही आंदोलन थांबत-चालत पाच वर्षे रेटले गेले. लोकांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. मंदिराचे दार मात्र उघडले नाही. येवल्यात मांडला गेला तो या पाच वर्षांचा ताळेबंद होता.

त्याआधी सरकारी ठराव नव्हते का?

होते, आणि चांगले स्पष्ट होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत, असा त्याचा आशय होता. सरकारने त्याप्रमाणे खात्यांना आणि स्थानिक संस्थांना सूचना धाडल्या.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काम पूर्ण झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे कुणाला तेथे पाणी भरू दिले गेले नाही. बोले यांना १९२६ मध्ये पुन्हा ठराव मांडावा लागला. अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डांचे अनुदान रोखावे, अशी त्यांची मागणी होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो सहकारी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जो हक्क दिला होता, तो वापरला जाताच काढून घेतला गेला. कोर्टातील लढाई नऊ वर्षांहून अधिक चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत साडेतेरा वर्षांहून अधिक काळ गेला.

मग अडले कुठे?

या घटनाक्रमात प्रत्येक टप्प्यावर वेगळी कडी तुटलेली दिसते. बोले यांनी लोकप्रतिनिधीचे काम केले. सरकारने सूचना काढल्या. नगरपालिकेने सुरुवातीला ठराव केला. येथवर सारे ठीक होते. पण तळ्याकाठी राहणाऱ्या नागरिकांनी तो मानला नाही, आणि त्यांच्या दबावापुढे नगरपालिकाही वाकली.

काळाराम मंदिरात उलटे घडले. तेथे हक्क मागणारे नागरिक पाच वर्षे उभे राहिले. पण दार उघडण्याचे अधिकार ज्यांच्या हाती होते, त्यांनी ते वापरले नाहीत.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. नेता, संस्था आणि नागरिक या तिघांपैकी एकाने जरी आपले काम सोडले, तरी उरलेल्या दोघांचे कष्ट वाया जातात. म्हणूनच ‘चांगला नेता मिळाला की देश सुधारेल’, ‘कायदा कडक हवा’ किंवा ‘लोकच सुधारले पाहिजेत’ ही तिन्ही वाक्ये सुटी सुटी अपुरी आहेत. बहुतेक वेळा ती दुसऱ्याच्या अंगावर जबाबदारी ढकलण्यासाठीच वापरली जातात.

नेत्याची जबाबदारी किती?

महाडच्या दुसऱ्या परिषदेचा प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी सत्याग्रहासाठी लोक पुन्हा महाडला जमले. त्याआधीच विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जमलेले लोक तळ्यावर जायला तयार होते. डॉ. आंबेडकरांनी त्यांना थांबवले आणि निकाल येईपर्यंत वाट पाहण्याचा निर्णय घेतला. हुकूम विरोधात असतानाही संस्थेचा मान राखणे आणि संतापलेल्या अनुयायांना तसे सांगणे, हे टाळ्या मिळवून देणारे काम नव्हते.

येवल्यातही त्यांनी असेच अप्रिय काम केले. पाच वर्षे चालवलेल्या आंदोलनातून हाती काही आले नाही, हे त्यांनी आपल्याच लोकांसमोर सांगितले आणि दिशा बदलली. घोषणेनंतर ते घाईने पुढे गेले नाहीत. प्रत्यक्ष धर्मांतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झाले. मधल्या काळात अभ्यास, चर्चा, पक्षबांधणी आणि संविधान निर्मितीचे काम झाले.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणातही त्यांचा रोख जबाबदारीवरच होता. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे वाईट निघाली तर ते वाईटच ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. सनदशीर मार्ग उपलब्ध असताना ते सोडू नयेत आणि कुणाही थोर व्यक्तीच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, असेही त्यांनी बजावले. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे सांगणारा माणूस स्वतः लाखोंचा नेता होता. अनुयायांना प्रश्न विचारायला शिकवणे हा नेत्याच्या कर्तव्याचाच भाग आहे, असा त्याचा अर्थ.

संविधानाने नागरिकावर काय सोपवले?

मूलभूत कर्तव्ये म्हटली की बहुतेकांना शाळेच्या पाठ्यपुस्तकातली यादी आठवते. ही यादी मूळ संविधानात नव्हती. ४२ व्या दुरुस्तीने १९७६ मध्ये अनुच्छेद ५१-क जोडला गेला आणि त्यात दहा कर्तव्ये आली. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने अकरावे कर्तव्य जोडले गेले : सहा ते चौदा वयोगटातील मुलांना शिक्षणाची संधी देणे. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण, बंधुभाव, स्त्रियांच्या सन्मानाला बाधा आणणाऱ्या प्रथांचा त्याग, वैज्ञानिक दृष्टिकोन अशी कर्तव्ये त्यात आहेत. ती न पाळल्यास थेट शिक्षा नाही.

पण नागरिकाची जबाबदारी केवळ ५१-क मध्ये शोधणे चुकीचे ठरेल. अनुच्छेद १५(२) पाहा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या आधारे कुणालाही दुकाने, उपाहारगृहे, सरकारी पैशावर चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांपासून रोखता येणार नाही, असे तो सांगतो. १९२३ च्या बोले ठरावाची आठवण करून देणारी ही यादी आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. या तरतुदी फक्त सरकारला बांधत नाहीत. दुकानदाराला, विहिरीच्या काठावर उभ्या शेजाऱ्यालाही बांधतात. महाडमध्ये तुटलेली कडी नेमकी हीच होती. संविधानाने ती ओळखली आणि नागरिकाच्या वागण्यालाच कायद्याच्या कक्षेत आणले.

संस्था रिकामी राहिली तर काय होते?

आता आजच्या काळात येऊ. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. अनुच्छेद २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षे असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. महाराष्ट्रात मात्र ओबीसी आरक्षण, प्रभागरचना आणि त्यावरील खटल्यांमुळे अनेक नगरपालिका, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढण्याचे निर्देश दिले. राज्यातील नगरपालिका व नगरपंचायतींसाठी मतदान झाले ते डिसेंबर २०२५ मध्ये.

मधल्या काळात प्रशासक होते. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण त्या व्यवस्थेत प्रस्ताव तयार करणारे आणि त्याला मंजुरी देणारे हात एकाच यंत्रणेचे असतात. सभागृहात उठून ‘हा खर्च कशासाठी?’ असे विचारणारा नगरसेवक नसतो. गटार तुंबली तर नागरिक कुणाच्या दारात जाणार, हा प्रश्न उरतोच. मतदानाची सवय मोडते आणि जाब विचारण्याचीही.

येथे दोष एकाच पक्षाचा किंवा एकाच सरकारचा नाही. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि न्यायालयाने मागितलेली आकडेवारी वेळेत उभी करणे हे राज्याचे काम होते. पण निवडणूक वेळेत होणे हीही घटनेची अट आहे. एक हक्क सोडवताना दुसरा इतकी वर्षे बाजूला राहतो, तेव्हा लोक त्या अवस्थेलाच सरावतात. आंदोलने पाणी, रस्ते, कांद्याचा भाव यांसाठी झाली. ‘आमची नगरपालिका आम्हाला परत द्या’ यासाठी फारशी झाली नाहीत. नागरिकांच्या वाट्याची जबाबदारी येथे कमी पडली, हे मान्य करायला हवे.

येवल्यातील नागरिकाने बोलायचे कुठे?

येवला तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या मतदाराला ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा घेणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असलेली संख्या पुरते. तेवढीही जमत नाही म्हणून सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग मोजक्या लोकांच्या उपस्थितीत विषय मंजूर होतात आणि नंतर पारावर तक्रारी चालतात. हक्क आहे, वापर नाही, अशी ही स्थिती अनेक गावांत दिसते.

शहरातील नागरिकाची अडचण वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येवला शहराची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती. घटनेने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. लहान शहरांतील नागरिकांना ग्रामसभेसारखे हक्काचे व्यासपीठ मिळालेच नाही. राज्याने २००९ मध्ये शहरांसाठी ‘क्षेत्रसभे’ची कल्पना कायद्यात आणली, पण ती फार कमी ठिकाणी रुजली. त्यामुळे येवल्याजवळच्या खेड्यातला शेतकरी गावाच्या खर्चावर सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. शहरातला विणकर किंवा दुकानदार मात्र पाच वर्षांतून एकदा मत देतो आणि मग नगरसेवकाच्या ओळखीवर अवलंबून राहतो.

माहितीचा अधिकार कायदा (२००५) आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम (२०१५) ही साधने त्याच्या हाती आहेत. पहिल्यानुसार सामान्यपणे ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. दुसऱ्यानुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत. पण ही एकट्याने लढण्याची साधने आहेत. शेजाऱ्यांसोबत बसून ठरवण्याची जागा त्यातून मिळत नाही.

तिघांनीही काम केले, असे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते नाशिक जिल्ह्यातलेच आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर वरच्या भागातील शेतांना पाणी मिळायचे आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांपर्यंत ते पोहोचत नसे. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले. १९९०-९१ च्या सुमारास टेलच्या भागात पहिल्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे त्या २४ झाल्या, त्यांचा प्रकल्प पातळीवर महासंघ झाला आणि कालव्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले.

येथे पाटबंधारे खात्याने अधिकार सोडण्याची तयारी दाखवली. पाणी मोजून, घनमापन पद्धतीने देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. शेतकऱ्यांनी पाणीपट्टी भरली, चाऱ्यांची दुरुस्ती केली, आवर्तनाचे वेळापत्रक पाळले. आणि वरच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाती असलेले पाणी खालच्यासाठी सोडले. सगळ्यात अवघड काम हेच होते. पुढे राज्याने २००५ मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. त्यात संस्थेच्या कारभारात कालव्याच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि टेलच्या अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व दिले आहे.

येवल्यासाठी हा धडा तातडीचा आहे. पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी मांजरपाडा बोगद्यातून वळवून पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालव्याने येवल्याच्या अवर्षणग्रस्त भागाकडे आणण्याचा प्रकल्प गेली अनेक वर्षे तालुक्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू आहे. २००४ पासून येथून निवडून येणारे छगन भुजबळ यांनी त्याचा सातत्याने पाठपुरावा केला. पाणी आणणे हे नेत्याचे आणि सरकारचे काम. पण येवला या कालव्याच्या टेलला आहे. वरच्या तालुक्यांतून आणि नंतर वरच्या गावांतून पाणी खाली येणार की नाही, हे बोगद्याच्या लांबीवर ठरत नाही. ते पाणीवापर संस्था, मोजमाप आणि शेजारधर्म यांवर ठरेल. हे काम जलपूजनाच्या फलकावर दिसत नाही, म्हणून मागे पडते.

पैठणीचा याच्याशी काय संबंध?

येवल्याची ओळख पैठणीमुळे आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागाच्या कापडासाठी केंद्राने २००६ मध्ये ‘हँडलूम मार्क’ सुरू केला. कायदा आहे, चिन्ह आहे. तरी यंत्रमागावरची स्वस्त साडी ‘येवल्याची पैठणी’ म्हणून विकली गेली, तर हातमागावर कित्येक दिवस, कधी महिने बसणाऱ्या विणकराची मजुरी बुडते. खोट्या मालावर कारवाई हे यंत्रणेचे काम. पण काउंटरवर उभा असलेला दुकानदार काय सांगतो आणि गिऱ्हाईक चिन्ह तपासते की नाही, यावर उरलेले अवलंबून आहे. साधा खरेदीचा व्यवहारही नागरी जबाबदारीचा भाग असतो, याचे येवल्याला दुसरे उदाहरण शोधायला नको.

आता काय करता येईल?

मोठ्या योजनांची वाट न पाहता करण्यासारखे बरेच आहे. थेट जनतेतून निवडून आलेल्या नगराध्यक्षाने आणि नगरसेवकांनी प्रभागात वर्षातून दोनदा खुली सभा घ्यावी. कायद्याने सक्ती नसली तरी मनाईही नाही. नगरपालिकेने दर महिन्याचा खर्च, निविदा आणि सर्वसाधारण सभेचे ठराव कुणी अर्ज करण्याआधीच संकेतस्थळावर आणि फलकावर लावावेत. माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ ने ही जबाबदारी आधीच टाकलेली आहे. राज्य सरकारने लहान शहरांसाठी क्षेत्रसभा खरोखर अमलात आणावी.

आणि नागरिकांनी? ग्रामसभा तहकूब होऊ देऊ नये. घरपट्टी, पाणीपट्टी वेळेवर भरावी आणि मग तिचा हिशेबही मागावा. भरणाऱ्याच्या प्रश्नाला वजन असते. कालव्याच्या वरच्या अंगाला शेत असेल तर खालच्याची पाळी आपली समजावी. आणि आपल्या गावातल्या पाण्यावर, रस्त्यावर, स्मशानभूमीत आजही कुणाला अडवले जात असेल, तर ‘तो त्यांचा प्रश्न’ म्हणून बाजूला होऊ नये.

महाडच्या तळ्याबाबत नगरपालिकेचा ठराव १९२४ मध्येच झाला होता. त्या वेळी काठावरच्या गावकऱ्यांपैकी पुरेसे लोक ‘येऊ द्या, भरू द्या’ असे म्हणाले असते, तर पुढची तेरा वर्षे लढण्यात गेली नसती. कदाचित येवल्यातील ती घोषणाही वेगळी झाली असती. मुक्तिभूमीवर जाणाऱ्याने एवढा हिशेब तरी सोबत न्यावा.